कोरी पाठ

बायकांना कुस्तीतलं काय कळतंय, असं आमच्याकडचे गडी म्हणतात. म्हणू द्या. वहिदाला कुस्तीतलं सगळं कळत होतं, फक्त कुस्ती तेवढी तिनं जन्मात बघितली नव्हती.

बघणार कशी? फडाकडं बाईमाणूस फिरकत नाही. नवरा जत्रेला जायचा, ही घरी भाकरी थापत बसायची. पण महेबूब पैलवानाची एक खोड होती. जत्रेतली माती तो जत्रेत धूत नसे. तोंडावरनं ओला हात फिरवायचा, सदरा चढवायचा आणि मिळेल त्या गाडीनं घरी यायचा. घरी आला की उंबऱ्याजवळ पाट टाकून वहिदाकडं पाठ करून बसायचा. ती आधी कोरड्या फडक्यानं माती झाडायची, मग कोमट तेल चोळायची. लग्न झाल्यापासून हेच. त्यामुळं तिला पाठ वाचायची सवय झाली होती. पाठीवरचे दोन्ही खवाटे, म्हणजे खांद्यांची हाडं, मातीनं भरलेले असले की गडी चितपट झाला. एकच भरला असला की निसटला. नुसती कोपरं आणि गुडघे सोललेले असले की वरचढ ठरला. महेबूबनं तोंड उघडायच्या आधी तिला निकाल कळलेला असायचा, आणि तो "जिंकलो गं" म्हणून थाप मारायला लागला की ती पाठीमागं गालातल्या गालात हसत असायची.

त्या माघात मात्र भलतंच झालं. महेबूब चाकूरकडच्या एका जत्रेहून आला, पाटावर बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "हरलो."

वहिदानं सदरा वर केला. पाठ कोरी होती. नुसती धूळ, तीही एसटीतली.

"हरलाव?"

"हौ म्हणलं की."

"कुणासंगं?"

"होता एक पोरगा. परभणीचा."

"कोणत्या डावावर गेलाव?"

"ढाक मारली त्यानं." महेबूबनं मान वळवली नाही. "तेल लाव की गुमान. चौकशा कशाला?"

वहिदानं तेल लावलं. ढाकेवर गेलेला माणूस उताणा पडतो आणि वरचा गडी त्याच्या छातीवर येतो. इतकं वजन अंगावर घेऊन पाठीला माती लागत नाही म्हणजे काय? फडात सतरंजी अंथरली होती का? तिनं पिशवी उघडली. लंगोट लावून सोडलेला होता, पण त्याला मातीचा कणसुद्धा नव्हता. लंगोटाखाली एक नारळ होता.

नारळ तर बारक्या पोरांच्या कुस्तीला देतात!

तिनं त्या नारळाची चटणी वाटली आणि गिऱ्हाइकांच्या डब्यांत घातली. डबे खाणाऱ्या क्लासच्या पोरांनी बोटं चाटून खाल्ली. पण वहिदाच्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच.

आता महेबूब पैलवान कोण, ते सांगायला पाहिजे. नाव मोठं नव्हतं. जत्रेत शेवटची मानाची कुस्ती असते, तिला लांबचे नामी मल्ल येतात, त्यांचे फोटो भिंतींवर लागतात. सुरुवातीला पोरांच्या कुस्त्या असतात. ह्या दोहोंच्या मधे ज्या कुस्त्या होतात, त्यातला हा गडी. ऊन कलायला लागलेलं असतं, लोक भजी खाऊन येत असतात, आणि फड तापवायला कुणीतरी लागतं. ते काम महेबूबचं. मुखेड, कंधार, उदगीर, देगलूर, निलंगा, सगळीकडचे पंच त्याला नावानं ओळखायचे. कुणा पाटलाच्या पोराचं नाव करायचं असलं की महेबूबला बोलवायचे, आणि हा असा झुंजवून झुंजवून पडायचा की पाटलालाही पोराचा अभिमान वाटावा. कधी खरा जिंकायचा, कधी खरा पडायचा. त्याची ठरलेली जोड म्हणजे देगलूरकडचा मलप्पा. दोघं इतक्या वेळा खेळले होते की एकमेकांच्या बायकांपेक्षा एकमेकांच्या बरगड्या त्यांना जास्त ओळखीच्या होत्या. पुढं मलप्पाचा गुडघा गेला आणि त्यानं रसवंती घातली.

मग भूकंप झाला. औशाकडच्या गावातलं ह्यांचं घर बसलं, तालीम तर दगडांचा ढीग झाली. घरातली माणसं तेवढी कशीबशी वाचली. त्या साली जत्राच भरल्या नाहीत. ज्या गावात घरटी सुतक, तिथं हलगी कोण वाजवणार? हे दोघं लेकीला घेऊन लातूरला आले, पत्र्याच्या शेडात राहिले, मग क्लासेसच्या गल्लीत एक खोली धरली. गल्लीत जिकडंतिकडं पोरंच पोरं. नांदेडची, परभणीची, बीडची, वह्या छातीशी धरून पळणारी. त्यांना दोन वेळचं खायला लागायचं. वहिदानं डबे सुरू केले. तिच्या हाताला चव होती, डबे वाढत गेले. जत्रा पुन्हा भरायला लागल्या तसा महेबूबही पिशवी उचलून पुन्हा फिरायला लागला. पण वय चाळिशीच्या पुढं सरकलं होतं आणि मान वळवताना कटकन वाजत होतं.

एक दिवस समोरच्या हॉस्टेलचे मालक व्यंकटराव डबा घ्यायच्या निमित्तानं दारात आले.

"पैलवान, तुमी पहाटं किती वाजता उठता?"

"तालमीची सवय हाय साहेब. कोंबड्याच्या आधी."

"मग आमच्या पोरायला उठवा. आमचा आधीचा माणूस स्वतःच घोरत पडायचा. रेक्टर म्हणून ठेवतो तुमाला. खोली देतो, पगार देतो, पोरीच्या शाळंचंबी बघू. तुमी नुसते जिन्यात उभे राहिलात तरी पोरं गच्चीवर सिगरेटी फुकायची न्हाईत. पण एक हाय. जत्रंबित्रंला जायचं न्हाई. पोरायला सोडून एक दिवस हलायचं न्हाई."

वहिदा आतून ऐकत होती. तिनं पीठ मळता मळता मनातल्या मनात नवी खोली झाडूनसुद्धा घेतली.

"सांगतो," महेबूब म्हणाला.

"सोमवारपर्यंत सांगा. एक मिलिटरीतला माणूस मागं लागलाय."

व्यंकटराव गेले. वहिदा पिठाच्या हातानंच बाहेर आली. "सांगतो काय सांगतो? हौ म्हणायचं हुतं!"

"रविवारी सावरगावची जत्रा हाय. ती झाली की बघू."

"आणि तिथं जाऊन काय दिवे लावणार? मागच्या तीन जत्रा हरून आलाव."

"हरलो तर हरलो," महेबूब एकदम उसळला, "खेळलो तर का न्हाई? पैलवान हाय मी अजून!"

वहिदा पुन्हा पिठाकडं वळली. तिन्ही जत्रांना पाठ कोरी होती. तिन्ही वेळा पिशवीत नारळ होता. शेजारच्या सुमनबाईनं तर सरळच विचारलं. सुमनबाई भाज्या चिरायला मदतीला यायची आणि सुरीपेक्षा तिचं तोंड जास्त चालायचं.

"वहिदाबी, राग मानू नगा. पण जत्रंला म्हणून जातो आन् अंगाला माती न्हाई, म्हंजे दुसरीकडं कुठं तर पाट टाकला नसंल ना?"

"चल गं! ह्या वयात?"

"आवं, ह्याच वयात!" सुमनबाई कांद्यावर खी खी हसली. "नारळ काय, बाई खूश करायलाबी देतात."

"मला दिला की त्यानं. मी कुठं खूश झाले?"

हसण्यावारी नेलं खरं, पण रात्रभर वहिदाला झोप आली नाही. संशय नव्हता तो. महेबूब कसला बाई ठेवतोय, त्याला बायकोपुढं सदरा काढायला अजून लाज वाटायची. तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं. माणूस जिंकलो म्हणून खोटं बोलतो, ते समजतं. हरलो म्हणून खोटं कोण बोलतं? कशासाठी बोलतं? हरण्यापेक्षा वाईट असं फडात असतं तरी काय?

रविवारी सकाळी महेबूब गेला. वहिदानं डबे लवकर उरकले, लेकीला सुमनबाईकडं बसवलं, बुरखा चढवला आणि मुखेडची एसटी धरली. मुखेड तिचं माहेर, कुणी विचारलं तर सांगायला बरं. पण माहेरी काही ती गेली नाही. स्टँडवरनं जीप मिळाली, जीपमधे देवीचे नवस फेडायला निघालेल्या बाया होत्या, त्यांच्यात ही दाटीवाटीनं बसली.

सावरगावच्या माळावर पाळणे, फुगे, गोडी शेव, बांगड्यांची पालं. ऊन मी म्हणत होतं. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला आणि तिला मलप्पा दिसला, दिसला म्हणजे आधी त्याचे कान दिसले, भज्यांसारखे फुगलेले. त्याची बायको तुळजाबाई गिलास विसळत होती. मलप्पानं वहिदाला ओळखलं आणि त्याच्या हातातला ऊस तसाच राहिला.

"अक्का? तुमी हितं?"

"कुस्ती बघायला आले."

"बेडा अक्का, बेडा," मलप्पा घाबरून कानडीत नको नको करायला लागला. "बायका न्हाई जात तिकडं. रस प्या, सावलीला बसा, आणि सांजच्या गाडीनं जावा."

"काहून? काय हाय तिथं?"

मलप्पानं चरकात ऊस घातला आणि चाक फिरवायला लागला. म्हणजे ह्याला माहीत होतं! वहिदानं रसाचा गिलास तसाच ठेवला.

फडाच्या मागं एक ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. नवसाच्या बाया तिच्यात चढून लांबूनच डोकावत होत्या. वहिदा त्यांच्यात चढली. समोर माणसांचं रिंगण, मधे नांगरून भुसभुशीत केलेली जमीन, फेटे बांधलेले पंच. हलगीवाला घामानं निथळत होता. पोरांच्या कुस्त्या संपत आल्या होत्या.

मग भोंग्यातून पुकारा झाला. "महेबूब पैलवान, लातूर! जुना गडी हाय! हाय का कुणी जोड?"

महेबूब लंगोट लावून रिंगणात आला. वहिदानं त्याला असं उघड्यावर, इतक्या माणसांत कधी पाहिलं नव्हतं. तिला आधी लाजच वाटली. मग वाटलं, अजून छाती आहे की गड्याला. त्यानं मातीला हात लावून कपाळाला लावला, उजवा हात वर केला आणि चालायला लागला. जोड मागायची रीतच ती. हात वर करून फडाला चक्कर मारायची. ज्याला खेळायचं त्यानं पुढं येऊन हातात हात द्यायचा.

एक चक्कर झाली. कुणी उठलं नाही.

बसलेली पैलवान पोरं विशी-बाविशीची होती, वजनानं हलकी. त्याच्या वयाची माणसं होती, ती धोतर-टोपी घालून शेंगा सोलत होती. मधल्या वयाचे गडी कुठं होते? कुणी पुण्याला कंपनीत गेलेले, कुणी लातुरात क्लासच्या दारात रिक्षा लावून उभे, काही भूकंपात दगडाखाली गेलेले. महेबूबच्या तोलाचा गडीच पंचक्रोशीत उरला नव्हता. मानाच्या कुस्तीतल्या मल्लांनी तर त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दुसरी चक्कर. हात वरच होता, पण कोपरात जरा वाकला होता. हलगीवाल्यानं ठेका हळू केला. एक तगडं पोरगं उठलं, लोक ओरडले. पोरगं महेबूबजवळ गेलं, त्याच्या दंडाला हात लावून बघितलं आणि खाली वाकून पाया पडलं.

"चाचा, तुमच्यासंगं काय खेळू? मला पाप लागंल."

लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. पंचांपैकी एकजण नारळ घेऊन उठला. चांगल्या मनानंच उठला होता तो बिचारा, मानानं बोळवण करायला. महेबूबनं नारळाकडं बघितलं आणि न बघितल्यासारखं करून तिसऱ्या चकरेला निघाला. भोंगेवाला म्हणाला, "चाचा, बास आता, म्होरल्या जोड्या खोळंबल्यात."

हे होतं तर! हा जत्रेला जात होता, हात वर करून फिरत होता, कुणी हात देत नव्हतं, आणि घरी येऊन सांगत होता, हरलो. हरायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं. अल्ला, किती खोटं बोलला हा माणूस, आणि किती साधं! तिला रडू आलं आणि रागही आला. नवऱ्याचा नव्हे, त्या शेंगा सोलणाऱ्यांचा.

ती ट्रॉलीतून उतरली ती तडक रसवंतीवर गेली.

"मलप्पाभाई, उठा."

"अक्का, मी म्हणलं हुतं बघू नगा म्हणून."

"आता बघितलं. उठा. त्याच्यासंगं खेळा."

तुळजाबाईनं गिलास आपटला. "बाई, डोकं ठिकाणावर हाय का? ह्यांचा गुडघा बघा. रात्री परसाकडं जायचं तर मला धरून न्यावं लागतंय!"

"बघते की मी. दिसतोय मला गुडघा." वहिदा मलप्पाकडं वळली. "भाई, माझ्या हातची भाकरी लई खाल्ली तुमी. मी कधी काय मागितलं न्हाई. पैसा न्हाई मागत. जिंकवा म्हणत न्हाई, हरवा म्हणत न्हाई. निस्तं त्याच्या हातात हात द्या. तो नारळ त्याच्या हातात पडायच्या आत जावा."

मलप्पानं तुळजाबाईकडं बघितलं. तुळजाबाईनं दुसरीकडं तोंड फिरवलं. मग तीच खाली बसली, पदराची किनार टरकन फाडली आणि नवऱ्याच्या गुडघ्याला करकचून बांधायला लागली. "जावा. मोडून आलाव तर मी चरक फिरवणार न्हाई, सांगून ठेवते."

मलप्पा सदरा काढत, धोतराचा काचा मारत लंगडत फडात घुसला तेव्हा पंच महेबूबच्या हातात नारळ ठेवतच होता. मलप्पानं तो मधल्यामधे उचलला आणि पंचाच्या पोटाशी परत दिला. महेबूबचा हात पकडला. लोक खदाखदा हसले. दोन म्हातारे! कुणीतरी ओरडलं, "काठ्या द्या रं ह्यायला!"

वहिदा पुन्हा ट्रॉलीत चढली होती.

तिला वाटलं होतं, कुस्ती म्हणजे मारामारी असणार. तसं काही नव्हतं. दोघांनी कपाळाला कपाळ लावलं आणि नुसते उभे राहिले. मग हळूहळू सरकायला लागले, जड कपाट चिंचोळ्या दारातून काढणारी दोन माणसं सरकतात तसे. मधेच झटका, मधेच पुन्हा सगळं शांत. दोघांच्या माना लाल झाल्या होत्या. महेबूब खाली वाकला, मलप्पाचा चांगला पाय धरायला गेला, सुटला. पुन्हा वाकला, पुन्हा चांगलाच पाय. तेवढ्यात मलप्पानं त्याला ढकलून लांब केलं, स्वतःच्या बांधलेल्या गुडघ्यावर थाड थाड थापा मारल्या आणि महेबूबच्या तोंडावर काहीतरी ओरडला. काय ओरडला ते ट्रॉलीपर्यंत आलं नाही. पण त्यानंतर कुस्ती बदलली. महेबूब सरळ त्या गुडघ्यावर तुटून पडला. मलप्पा किंचाळला, पडला, पालथा पडून मातीला चिकटून राहिला, महेबूब वर. लोक उभे राहिले. शेंगावाले उभे राहिले. हलगी कडाडायला लागली. मलप्पा कसा उठला कोण जाणे, पण उठला, आणि उठता उठता त्यानं महेबूबची कंबर धरली, पाठ वळवली आणि त्याला अंगावरून उचलून टाकला.

महेबूब उताणा पडला. दोन्ही खवाटे मातीत. मलप्पा वरून धापा टाकत होता.

वहिदाच्या तोंडून किंकाळी निघाली. मान! तिला फक्त त्या मानेची काळजी होती. पण मलप्पा बाजूला झाला आणि महेबूब पडल्या पडल्या आभाळाकडं बघून हसत होता. उठायचं नावच घेत नव्हता. लोकांनीच दोघांना उचललं, खांद्यावर घेतलं, हरलेल्यालाही घेतलं, ज्या पोरानं पाय धरले होते त्यानंच घेतलं.

सांजच्या एसटीत बसायला जागा मिळाली. मलप्पाला तुळजाबाईनं रसवंतीत आडवं केलं होतं. तो विव्हळत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कुस्ती सांगत होता. वहिदा स्टँडवर समोर आली तेव्हा महेबूबनं नुसतं बघितलं. ओरडला नाही, तू हितं कशी असंही विचारलं नाही. मुखेड मागं पडल्यावर तो म्हणाला, "हरलो."

"हौ. बघितलं."

"उद्या व्यंकटरावाला हौ म्हणून सांग."

"आता कसं म्हणायलाव?"

"नारळ घेऊन घरी बसायचं नव्हतं मला, वहिदा. हरून बसायचं हुतं."

तिनं बुरख्याच्या बाहीनं डोळे पुसले. एसटी खडखडत होती. त्याचं अंग दुखत असणार, पण तो लहान पोरासारखा तिच्याकडं वळून बसला.

"मलप्पा तुमाला काय ओरडला?" तिनं विचारलं.

"शिव्या दिल्या. म्हणला, दुखऱ्या पायाला जपायलास व्हय? मी खेळायला आलोय का दवाखान्यात? धर म्हणला, न्हाईतर जातो रस काढायला." तो हसला, मान दुखली तसा थांबला. "आता तू सांग. इतकी वरसं खेळलो, पण आपण खेळताना कसे दिसतो ते आपल्याला कुठं दिसतंय? कसा दिसलो?"

"सांगते."

"पयल्यापासनं सांग. मी हात वर करून फिरत हुतो, तवापासनं."

वहिदानं त्याच्याकडं बघितलं. त्यानंही बघितलं, टक लावून, तिच्या तोंडावरचं वाचायला गेल्यासारखं.

"ते मी न्हाई बघितलं," ती म्हणाली. "मी तवा रस पीत हुते. आले तवा तुमी दोघं हातात हात घेऊन उभे हुताव."

"मग मलप्पाला फडात कुणी धाडलं?"

"मला काय ठाऊक? त्याचं त्यालाच ऱ्हावलं नसंल."

महेबूबनं तिच्या मांडीवरची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि नीट मागं टेकून बसला.

"बरं," तो म्हणाला, "मग हातात हात घेतला तिथनं सांग."

आणि वहिदानं सांगायला सुरुवात केली.